निळ्या पाण्याच्या त्या फोटोत नक्की काय असतं?

जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात पंतप्रधानांचे लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरचे फोटो प्रसिद्ध झाले. त्यावर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी समाजमाध्यमांवर नको ते लिहिलं, तिथल्या सरकारला त्यांना निलंबित करावं लागलं आणि आपल्याकडे मालदीववर बहिष्कार घालायची टूम निघाली. २०२३ मध्ये दोन लाखांहून जास्त भारतीय मालदीवला जाऊन आले होते. २०२४ मध्ये ही संख्या सव्वा-दीड लाखाच्या घरात उतरली. पुढे दोन्ही सरकारांचं पुन्हा जमलं, पण पुण्यात एक चर्चा मात्र तेव्हापासून मुक्कामालाच आली आहे. सुट्ट्या जवळ आल्या की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, "अंदमान, मालदीव की लक्षद्वीप?" मग तीन टूरवाल्यांची कोटेशनं येतात, कुणाच्या तरी मेहुणीच्या हनिमूनचे फोटो येतात आणि शेवटी एखादे काका "त्यापेक्षा तारकर्लीला जा, मासे तरी चांगले मिळतील" असं म्हणून विषय संपवतात.

एक प्रश्न मात्र तिथे निघत नाही. अर्ध्या तासात ज्याला चालत फेरी मारून होते, जिथे ना बाजार, ना थिएटर, ना धड रस्ता, अशा जमिनीच्या तुकड्याची माणसाला एवढी ओढ का? "निळं पाणी आणि शांतता" हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धं. ते पाणी निळं कशाने आणि ती शांतता येते कुठून, हे पाहिलं की तिथली खोली इतकी महाग का आणि लक्षद्वीपमध्ये सहजासहजी बुकिंग का मिळत नाही, याचाही उलगडा होतो.

सगळी बेटं एका जातीची नसतात

जंजिरा, खांदेरी किंवा सिंधुदुर्ग ज्यावर उभा आहे ते कुरटे बेट, हे किनाऱ्यालगतचे खडक आहेत. अंदमान म्हणजे म्यानमारच्या बाजूने समुद्रात उतरलेल्या डोंगररांगेची पाण्यावर राहिलेली शिखरं. तिथे दाट जंगल आहे, चढउतार आहेत, ओढे आहेत. मॉरिशस ज्वालामुखीतून झालं. लक्षद्वीप आणि मालदीव यांपैकी कशातच बसत नाहीत. ती प्रवाळाची बेटं आहेत, आणि कॅलेंडरवरच्या फोटोत दिसतात ती बहुतेक हीच.

प्रवाळ हा प्राणी आहे. वनस्पती नाही, दगडही नाही. एकेक जीव अगदी बारीक, पण ते लाखोंनी एकत्र राहतात आणि समुद्राच्या पाण्यातला चुना शोषून स्वतःभोवती कवच बांधतात. जीव मरतो, कवच राहतं, त्यावर पुढची पिढी बांधकाम करते. या प्राण्याच्या अंगात एक सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. त्यामुळे प्रवाळाला तीन गोष्टी लागतात: ऊन पोहोचेल इतकं उथळ आणि स्वच्छ पाणी, साधारण २३ ते २९ अंशांची ऊब, आणि गाळापासून मुक्ती. यातलं एक जरी बिघडलं तरी काम थांबतं.

मग अथांग समुद्राच्या मधोमध उथळ पाणी आलं कुठून? याचं उत्तर चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये मांडलं. समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखीच्या बेटाला चहूबाजूंनी प्रवाळ लागतं. पुढे तो डोंगर स्वतःच्या वजनाने हळूहळू खचत जातो, आणि प्रवाळ मात्र उन्हाच्या मागे वरवर वाढत राहतं. शेवटी डोंगर पाण्याखाली पूर्ण गडप होतो आणि वर उरतं ते प्रवाळाचं कडं. शाळेच्या भूगोलात आपण ज्याला कंकणाकृती प्रवाळद्वीप म्हणत होतो ते हेच. कड्याच्या आतल्या उथळ, संथ पाण्याला लगून म्हणतात. डार्विनचा हा तर्क जवळपास शंभर वर्षं वादात होता. १९५२ मध्ये पॅसिफिकमधल्या एनिवेटॉक बेटावर खोल विंधन घेतलं, तेव्हा बाराशे मीटरहून जास्त जाडीचा चुनखडक संपल्यावर खाली खरोखरच ज्वालामुखीचा खडक लागला.

यात पुणेकरांना थोडी आपुलकी वाटावी असा एक धागा आहे. पर्वती, सिंहगड आणि महाराष्ट्रातला जवळपास अख्खा सह्याद्री ज्या काळ्या पाषाणाचा आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून आलेल्या लाव्हाचा. भूशास्त्रज्ञांच्या मते तो लाव्हा ओकणारी पृथ्वीच्या पोटातली उष्ण जागा तिथेच राहिली आणि भारताचा भूखंड तिच्यावरून उत्तरेकडे सरकत गेला. जाताना मागे समुद्रतळावर ज्वालामुखी पर्वतांची रांग उठत गेली. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ही बेटं त्या रांगेच्या डोक्यावर बसली आहेत. ती उष्ण जागा आज हिंदी महासागरातल्या रेयुनियॉं बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. म्हणजे लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटाच्या खाली खोलवर आहे ते आपल्या पायाखालच्या कातळाचं भावंडच.

पाणी निळं का, आणि आपल्या किनाऱ्याचं का नाही

सूर्यप्रकाशातला तांबडा रंग पाण्यात लवकर शोषला जातो, निळा सगळ्यात खोलवर जातो. खोल समुद्र म्हणूनच गडद निळा दिसतो. लगूनमध्ये पाणी जेमतेम काही मीटर आणि तळाला पांढरी वाळू असते. उरलेला निळा-हिरवा प्रकाश त्या वाळूवर आपटून परत वर येतो आणि पाणी आतून दिवा लावल्यासारखं उजळतं. याला पाणी नितळ असावं लागतं. गाळ नको आणि तरंगणारे सूक्ष्म जीवही कमी हवेत. उष्ण कटिबंधातल्या भर समुद्रात वरच्या थरात पोषक द्रव्यं कमी असतात, म्हणून असे जीवही कमी आणि पाणी आरपार दिसतं.

आता कोकणाकडे बघा. सह्याद्रीवर धो धो पाऊस, तिथून उतरणाऱ्या कितीतरी छोट्या नद्या, आणि प्रत्येक नदीच्या मुखाशी माती. शिवाय पाण्यात पोषक द्रव्यं भरपूर, म्हणून सूक्ष्म जीव भरपूर, म्हणून मासे भरपूर. मालवणचं पाणी मातकट असण्यात आणि मालवणची बांगड्याची थाळी चांगली असण्यात थेट नातं आहे, तेव्हा ग्रुपवरच्या काकांचं अगदीच चुकत नाही. आपल्याकडे प्रवाळ अजिबात नाही असंही नाही. मालवणच्या सागरी अभयारण्यात ते आहे, आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांचं नाव लाभलेल्या आंग्रिया बँकेवर तर चांगलंच आहे. पण ती टेकडी पूर्ण पाण्याखाली आहे. सगळ्यात उथळ जागीही वीसेक मीटर खोल. तिथे खुर्ची टाकून बसता येत नाही.

लगूनमधलं पाणी संथ असतं तेही प्रवाळामुळेच. समुद्राकडून आलेली लाट कड्यावर फुटते आणि तिची नव्वद टक्क्यांहून जास्त ताकद तिथेच खर्च होते. दूरवर पांढऱ्या फेसाची रेघ दिसत असते, गाज ऐकू येत असते, आणि इथे गुडघाभर पाण्यात तीन वर्षांचं पोर बिनधास्त बसलेलं असतं. पोहता न येणाऱ्या आपल्यासारख्या डोंगराकडच्या लोकांना ही बेटं इतकी आवडतात, याचं मला तरी हे सगळ्यात खरं कारण वाटतं. समुद्र आहे, पण त्याचा धाक नाही.

वाळू पांढरी, कारण मासे

कोकणातली वाळू खडकांच्या झिजेतून आणि नद्यांच्या गाळातून येते. प्रवाळ बेटावर नदीच नाही. तिथली वाळू म्हणजे प्रवाळाचा आणि शिंपल्यांचा चुरा, आणि हा चुरा करण्यात एका माशाचा मोठा हात आहे. त्याला पोपटमासा म्हणतात, कारण त्याचे दात एकमेकांना जुळून चोच झालेली असते. तो त्या चोचीने शैवालासकट प्रवाळाचे तुकडे तोडतो, घशात दळतो, खाण्यासारखं पचवतो आणि उरलेला चुना मागून बाहेर टाकतो. एक मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करू शकतो. हनिमूनच्या फोटोत जोडपं ज्यावर बदामाचा आकार काढतं त्या शुभ्र वाळूतली बरीचशी माशांच्या पोटातून आलेली असते. हे ऐकून कुणी बेत बदलू नये. वाळू स्वच्छ असते, आणि पांढरी असल्यामुळे भर दुपारीही काळ्या वाळूइतकी पाय पोळत नाही.

हवेचं म्हणाल तर समुद्र उशिरा तापतो आणि उशिरा निवतो, म्हणून भर समुद्रातल्या बेटावर दिवस-रात्रीत जेमतेम काही अंशांचाच फरक पडतो. पुण्यात एप्रिलची दुपार चाळिशीला टेकते आणि जानेवारीची पहाट दहाच्या खाली जाते. तिथे बाराही महिने एक चादर पुरते. दमटपणा मात्र आहे.

एवढ्याशा जागेत मन का रमतं

इथपर्यंतचं डोळ्यांना सुखावणारं झालं. पण निळं पाणी फुकेतलाही आहे आणि तिथे गर्दीही आहे. बेट लहान असण्यात वेगळं काय?

रेचल आणि स्टीफन कॅप्लन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ दांपत्याने याचं एक पटण्याजोगं स्पष्टीकरण दिलं आहे. आपलं लक्ष दोन तऱ्हेचं असतं. एक, जे जोर लावून द्यावं लागतं: संध्याकाळी सिंहगड रस्त्यावरून दुचाकी चालवताना, एक्सेल शीट तपासताना, मुलाचं गणित घेताना. हे लक्ष थकतं, आणि थकलं की माणूस चिडचिडा होतो, चुका करतो. दुसरं लक्ष आपोआप लागतं: लाटा, ढग, झाडांची सळसळ. ते चालू असताना पहिल्याला विश्रांती मिळते. कॅप्लन दांपत्याच्या मते अशी विश्रांती देणाऱ्या जागेत चार गुण असतात. रोजच्यापासून खरोखर दूर असल्याची जाणीव, सहज गुंतवणारं दृश्य, ती जागा स्वतःत एक पुरं जग असणं, आणि आपल्याला जे करायचं ते तिथे विनासायास जमणं. लहान बेटाला हे चारही गुण जन्मजात मिळालेले असतात. दूर असल्याची जाणीव करून घ्यावी लागत नाही, मध्ये समुद्रच असतो. जग पुरं आहे की नाही हे एका फेरीत पाहून होतं. आणि ठरवायचं तर जवळपास काहीच नसतं. जेवायला कुठे जायचं, रिक्षा करायची की कॅब, उद्या आधी काय पाहायचं, हे प्रश्नच उरत नाहीत.

मराठी माणसाला बेटाची ही बाजू खरं तर फार जुनी ठाऊक आहे, पण उलट्या अंगाने. आपल्यासाठी अंदमान म्हणजे काळं पाणी. १९०६ मध्ये बांधून झालेलं सेल्युलर जेल, आणि १९११ ते १९२१ तिथे कोठडीत असलेले सावरकर. आजही पुण्याहून अंदमानला जाणारा प्रत्येक ग्रुप आधी त्या कोठडीपाशी डोकं टेकवतो आणि मग राधानगर बीचवर जातो. इंग्रजांनी ती जागा निवडली कारण बेटावरून निघता येत नाही, निरोप पोहोचत नाही आणि बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. आज माणूस घसघशीत पैसे मोजून नेमकं हेच विकत घेतो. फरक एवढाच की परतीचं तिकीट खिशात असतं, आणि सगळा फरक त्या तिकिटातच आहे.

"दोन दिवसांत कंटाळा येईल"

हा आक्षेप ग्रुपवर हमखास येतो, आणि तो खोटा नाही. पहिल्या दिवशी दुपारी हात फोनकडे जातो, दुसऱ्या दिवशी "आता काय?" असं होतं. पण सुट्टीने माणूस खरंच सुखावतो का, यावर नेदरलँड्समध्ये झालेलं एक काम इथे उपयोगी पडतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दीड हजारावर लोक होते. सुट्टीला जाणारे लोक जाण्याआधी इतरांपेक्षा जास्त आनंदात दिसले. परत आल्यावर मात्र बहुतेकांच्यात आणि घरी बसलेल्यांच्यात फरक दिसला नाही. अपवाद एकच गट: ज्यांनी आपली सुट्टी "अतिशय निवांत" गेली असं सांगितलं, त्यांचा आनंद परतल्यावर एक-दोन आठवडे टिकला.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, आनंदाचा मोठा हिस्सा जाण्याआधीच मिळतो, तेव्हा बुकिंग लवकर करावं. दुसरी आपल्या टूर संस्कृतीला जरा झोंबणारी. पहाटे साडेपाचला बॅगा दाराबाहेर, सहा दिवसांत अकरा ठिकाणं, "पैसे दिलेत ना, मग सगळं बघून घ्या", अशा सहलीहून माणूस थकून येतो आणि मग आरामासाठी सोमवारची रजा टाकतो. बेटावर बघण्यासारखं फारसं नसतं हा दोष समजला जातो, पण विश्रांतीच्या हिशेबात ते औषधच आहे. ज्यांना बघण्यातच आनंद आहे त्यांनी मात्र खरंच जाऊ नये. राजस्थान त्यांची वाट पाहतो आहे.

पिण्याचं पाणी येतं कुठून?

आता या सगळ्याच्या किमतीकडे येऊ, आणि ती रुपयांत मोजण्याआधी लिटरमध्ये मोजली पाहिजे.

लक्षद्वीपमध्ये वर्षाला दीड हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुण्याच्या जवळपास दुप्पट. पण तिथे एकही नदी नाही, ओढा नाही, तलाव नाही, धरण बांधायला दरी नाही. पावसाचं पाणी सच्छिद्र वाळूत मुरतं आणि खाली गेल्यावर समुद्राच्या खाऱ्या पाण्याला भेटतं. गोडं पाणी हलकं, खारं जड, म्हणून गोडं पाणी वर तरंगत राहतं. बेटाच्या मध्यभागी हा थर जाड आणि कडेला पातळ होत जातो. तापवून ठेवलेल्या दुधावर साय धरते तसा. या थराचं एक ढोबळ गणित आहे: गोडं पाणी समुद्रसपाटीच्या जितकं वर उभं असेल, त्याच्या चाळीसपट ते खाली असतं. लहान बेटावर ते जेमतेम वीतभर वर असतं, म्हणजे खाली फार तर आठ-दहा मीटर. प्रत्यक्षात खारं पाणी मिसळत राहतं, त्यामुळे त्याहूनही कमी.

साय अलगद काढली तर रोज थोडी मिळते. एकदम खोल चमचा घातला की खालचं दूधही येतं. विहिरीवर मोठा पंप लावला की अगदी हेच होतं. वरची पातळी थोडी खाली गेली की खालून खारं पाणी त्याच्या चाळीसपट वर चढू पाहतं, आणि एकदा खारट झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला पुढचे पावसाळे जावे लागतात. वर संडासाचं सांडपाणीही त्याच वाळूत मुरतं आणि वाळू ते फारसं गाळत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकर मागवतो. लक्षद्वीपची राजधानी असलेल्या कवरत्ती बेटावर टँकर कुठून मागवणार?

म्हणून २००५ मध्ये राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने कवरत्तीत एक हुशार प्रकल्प उभा केला. दाब कमी केला की पाणी कमी तापमानालाही वाफ होऊन उडतं. समुद्राचं वरचं कोमट पाणी कमी दाबाच्या टाकीत सोडायचं, त्याची थोडी वाफ होते, आणि साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ निववायची. जमतं ते गोडं पाणी. इतकं खोल पाणी किनाऱ्यापासून काहीशे मीटरवर सापडतं, कारण बेट बुडालेल्या डोंगराच्या माथ्यावर आहे आणि कड्याबाहेर तो डोंगर सरळ खाली उतरतो. २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्तीतही असे प्रकल्प आले. कवरत्तीच्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला एक लाख लिटर. २०११ च्या जनगणनेप्रमाणे तिथे अकरा हजारांवर माणसं होती, म्हणजे माणशी नऊ लिटर. पिणं आणि स्वयंपाक यात भागतो. शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी मापदंड माणशी १३५ लिटरचा आहे, आणि मोठ्या हॉटेलातला पाहुणा शॉवर, टॉवेल, चादरी, पोहण्याचा तलाव धरून त्याहून खूप जास्त वापरतो.

मालदीवने हा प्रश्न समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या यंत्रांनी सोडवला, पण यंत्रावर अवलंबून राहण्याची जोखीम डिसेंबर २०१४ मध्ये दिसली. राजधानी मालेतल्या प्रकल्पाला आग लागली आणि एक लाखावर माणसं एका रात्रीत पाण्याविना राहिली. भारताने हवाई दलाच्या विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी धाडलं. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या शहराला विमानाने पाणी न्यावं लागलं, यातच सगळं आलं.

पाण्याचं जे, तेच बाकीचं. लक्षद्वीपमध्ये पिकतो मुख्यतः नारळ आणि मिळतो टुना. तांदूळ, कांदा, बटाटा, डिझेल, सिमेंट, सगळं जहाजाने. आणि नेलेल्या वस्तूंचा कचरा कुठे टाकायचा? मालदीवने १९९० च्या दशकात त्यासाठी थिलाफुशी हे लगूनच वापरलं. कचऱ्याने भरून भरून तिथे आता एक बेटच झालं आहे. रिसॉर्टच्या माहितीपत्रकात त्याचा फोटो नसतो.

"मग लक्षद्वीपचं मालदीव का करत नाही?"

देशप्रेमाच्या भरात हा प्रश्न पुष्कळांनी विचारला. तो आळसाचा किंवा लालफितीचा प्रश्न आहे असं समजणाऱ्यांनी आधी नकाशा पाहावा. मालदीवमध्ये सुमारे १,१९० बेटं आहेत आणि त्यातली दोनशेच्या आतच वस्तीची. म्हणजे जवळपास हजार बेटं मोकळी. १९७२ मध्ये पहिलं रिसॉर्ट सुरू झालं तेव्हापासून त्यांनी "एक बेट, एक रिसॉर्ट" ही पद्धत चालवली. प्रत्येक रिसॉर्टचं स्वतःचं जनरेटर, स्वतःचं पाणी, स्वतःचा धक्का. आज तिथे वर्षाला वीस लाखांच्या घरात पर्यटक जातात.

लक्षद्वीप म्हणजे ३६ बेटं आणि सगळी मिळून ३२ चौरस किलोमीटर जमीन. पुणे महापालिकेची हद्द याच्या दहापटीहून मोठी आहे. या ३२ मध्ये २०११ साली ६४,४७३ माणसं राहत होती, तीही दहाच बेटांवर. चौरस किलोमीटरला दोन हजार. उरलेली बेटं बहुतेक चिमुकली. मोकळी बेटंच नाहीत तर एकेका बेटावर एकेक रिसॉर्ट बसवणार कुठे? मग पाण्यावर खांब रोवून खोल्या बांधायचे प्रस्ताव येतात. पण त्या रोवायच्या लगूनमध्येच, म्हणजे जे दाखवून गिऱ्हाईक बोलवायचं त्याच्यावरच सावली पाडायची आणि गाळ ढवळायचा.

स्थानिक माणसाला काय मिळतं, हाही प्रश्न आहेच. मालदीवमध्ये २००९ नंतर वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसना परवानगी मिळाली, तेव्हा कुठे पर्यटकाचा पैसा गावातल्या घरांत थेट पोहोचू लागला. माझ्या मते लक्षद्वीपसाठी वाट हीच आहे, मोजक्या खोल्या आणि गावातल्या माणसाच्या हातात. यात दिखाऊ काही नाही, म्हणून घोषणा करायला ती कुणाला आवडत नसावी.

"ही बेटं बुडणारच आहेत ना?"

"बुडायच्या आत बघून घेऊ" असं म्हणून जाणारेही आहेत. मालदीवची सुमारे ऐंशी टक्के जमीन समुद्रसपाटीपासून एक मीटरच्या आत आहे आणि समुद्र वर्षाला चार मिलिमीटरहून जास्त वेगाने चढतो आहे. हिशेब सोपा वाटतो, पण बेट म्हणजे सिमेंटचा ओटा नव्हे. जिवंत प्रवाळ नवी वाळू पुरवत असेल तर लाटा ती वाळू बेटावर आणून टाकतात आणि बेट सरकतं, आकार बदलतं, कधी वाढतंही. पॅसिफिकमधल्या तुवालूची जमीन १९७१ ते २०१४ या काळात समुद्र चढत असतानाही सुमारे तीन टक्क्यांनी वाढल्याचं अभ्यासात दिसलं. उलट लक्षद्वीपमध्ये बंगारम बेटाजवळच्या पराली नावाच्या बेटांपैकी एक झिजून नाहीसं झालं. म्हणजे बेट बुडेल की तगेल हे बरंचसं प्रवाळ जिवंत आहे की नाही यावर ठरतं.

आणि खरी काळजी तिथेच आहे. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी काही आठवडे एखादा अंश जरी जास्त तापलं तरी प्रवाळ आपल्या अंगातलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरंफटक पडतं. लवकर गार झालं तर सावरतं, नाहीतर मरतं. लक्षद्वीपमध्ये हे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठ्या प्रमाणावर झालं. २०२४ मध्ये पुन्हा झालं, त्याच वर्षी एप्रिलमध्ये जगभर अशी चौथी मोठी लाट चालू असल्याचं जाहीर झालं. आधी दोन घटनांत दहा-बारा वर्षं मिळायची. आता सावरायला तेवढा वेळ मिळत नाही. मेलेल्या प्रवाळाची भिंत लाटांनी झिजते, पोपटमाशाचं खाणं-राहणं जातं, वाळू थांबते, लगूनमध्ये लाटा शिरतात आणि वीतभर उंचीवर तरंगणारं गोडं पाणी खारट होतं. जमीन पाण्याखाली जाण्याच्या कितीतरी आधी विहिरी जातील, असं अनेक शास्त्रज्ञांना वाटतं.

जायचं तर

लक्षद्वीपला बेटाबाहेरच्या भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. तो आणि राहण्याची सोय हातात आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. पुण्याहून कोची, तिथून अगत्ती हा नेहमीचा रस्ता. अगत्तीची धावपट्टी जेमतेम सव्वा किलोमीटर, म्हणून छोटी विमानंच उतरतात आणि जागा पटापट भरतात. जहाजाने कोचीहून चौदा ते अठरा तास लागतात. मिनिकॉयला भाषा, नाच, होड्या सगळं मालदीवच्या अंगाचं आहे. वेळ असेल तर तेच निवडा. दारू बहुतेक बेटांवर मिळत नाही. शाकाहारी माणसाचं पोट भरतं, पण चौथ्या दिवशी नारळाचा कंटाळा येतो. सोबत चिवडा असू द्यावा, त्याची रिकामी पिशवी परत पुण्याला आणावी.

मालदीवला भारतीयांना पर्यटनाचा व्हिसा विमानतळावर फुकट मिळतो. रिसॉर्ट परवडत नसेल तर माफुशीसारख्या वस्तीच्या बेटावर गेस्टहाउस घ्या. तिथेही दारू नाही आणि पोहण्याचे कपडे ठरलेल्या किनाऱ्यावरच. खोली ठरवताना "सी व्ह्यू आहे का" याच्या आधी प्रवाळ किनाऱ्यापासून पोहत जाण्याइतकं जवळ आहे का, ते विचारा. काही रिसॉर्टच्या लगूनमध्ये नुसती वाळूच असते आणि मासे पाहायला रोज बोटीचे पैसे पडतात. पाण्यात उतरल्यावर प्रवाळावर उभं राहू नका. दगड वाटतो, पण जिवंत असतो, आणि पायही चांगला कापतो.

महिन्यांचं म्हणाल तर ऑक्टोबरअखेर ते एप्रिल. आपल्या शाळांच्या सुट्ट्या नेमक्या मेमध्ये येतात, आणि पंधरा मेनंतर लक्षद्वीपचा समुद्र खवळायला लागतो, बोटी रद्द होतात. मेमध्येच जायचं असेल तर पहिला आठवडा धरा, नाहीतर दिवाळी.